समकक्षता कक्ष, खिडकी चार

मे महिन्यात आमचा कूलर
पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो
आणि वाळ्याचा वास जुन्या फायलींत शिरून बसतो.
माझं काम साधं आहे :
दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवायचे,
बोट फिरवत खाली यायचं.
जुळलं तिथं हिरवी खूण.
नाही जुळलं तिथं काहीच नाही,
कोरी जागा तिचं ती सांगते.

हेमलता बोपचे, वय एकेचाळीस.
बिलासपूरला बी.एस्सी.ची दोन वर्षं, मग लग्न,
मग नवऱ्याच्या बदल्या :
डोंगरगड, गोंदिया, आता इतवारी.
प्रत्येक बदलीत शेगडी आली, म्हणाल्या,
कुंडीतला कढीपत्ता आला,
पोरीची शाळा आली दाखल्यासकट,
एक माझंच शिक्षण तिकडं राहून गेलं, मॅडम.
हसून राहिल्या होत्या सांगताना.
ते हसणं कुठल्या रकान्यात घ्यावं
मला कळेना.

गुणपत्रिका घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप,
सेलोटेपखाली भौतिकशास्त्राचा आकडा पिवळा पडलेला.
एकसष्ट की सदुसष्ट?
त्या म्हणाल्या, सदुसष्ट. लगेच म्हणाल्या.
क्रेडिट नव्हतेच तेव्हा, नुसते गुण होते.
"मंग माह्या गुणांचे क्रेडिट कोण करन?"
समिती.
"समिती कधी बसते?"
कोरम झाला की.

आणि नाव.
गुणपत्रिकेवर हेमलता टेंभरे, अर्जावर बोपचे.
दोन्ही बाया एकच आहेत
असं मुद्रांकावर लिहून आणा, मी म्हटलं,
रोज म्हणते तसंच.
त्यांनी स्वतःकडे खाली पाहिलं,
साडीवरचा धागा काढावा तसं.

प्रकाशशास्त्र, घटक दोन : वक्रीभवन. जुळतं.
घटक तीन : ध्रुवण. जुळतं.
घटक चार : लेसर.
त्यांच्याकडे एक ओळ, आमच्याकडे बारा तासिका.
"प्रकाश तर तोच असन ना, मॅडम,
बिलासपूरचा अन् नागपूरचा?"
प्रकाश तोच आहे. तासिका वेगळ्या आहेत.
प्रात्यक्षिकाची वही?
तिच्या पाठकोऱ्या पानांवर
सात वर्षं दुधाचा हिशेब होता.
सही-शिक्का असलेली पानं कधी गेली
त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या बर्डीवर झेरॉक्सला गेल्या.
मी डबा उघडला, परत झाकला.

कायम व्हायच्या आधी मी सहा वर्षं कंत्राटी होते,
परीक्षा विभागात, तळघरात.
उत्तरपत्रिकांचे किती गठ्ठे बांधले
ते कुणी मोजलं नाही, मीही नाही.
सुतळीचा वळ अजून करंगळीवर आहे.
नेमणुकीच्या पत्रात शेवटून दुसरी ओळ :
पूर्वीची सेवा ग्राह्य धरता येणार नाही.
ग्राह्य.
दिवसातून चाळीसदा टाइप करते हा शब्द,
'ह्य' साठी बोटं आता आपोआप वळतात.

पावणेदोनला त्या आल्या, घामाघूम,
झेरॉक्सची पानं पदराखाली,
ऊन लागू नये म्हणून बाळ झाकावं तशी.
मुद्रांकही घेऊन आल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं :
मी, हेमलता, दोन्ही.
पुढचं वकिली भाषेत होतं, पण
वकिलानं हे 'दोन्ही' कसं राहू दिलं कोण जाणे.

सत्तर टक्के जुळायला हवं.
बेरीज अडुसष्टवर येते.
पुन्हा केली, अडुसष्ट.
लेसरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून
मी बराच वेळ बसले. मागे रांग होती,
कुणीतरी "काऊन थांबून राहिलं?" म्हणालं.

अर्ध्या खुणेची तरतूद आमच्याकडे नाही.
मी पेन्सिलनं केली, बारीक,
आणि समासात लिहिलं : कृपया चर्चा व्हावी.
समितीला पेन्सिल दिसते का
हे मला अठरा वर्षांत कळलेलं नाही.

पावती फाडून दिली.
त्यांनी ती दोनदा वाचली,
मग विचारलं, लेसर पुन्हा शिकावं लागलंच
तर वर्ग सकाळी असतो की दुपारी?